नवलकोल

नवलकोल ही कोबीच्या जातीतील, जमिनीच्या वर गोल फुगणाऱ्या खोडासाठी लावली जाणारी भाजी आहे. तिचे शास्त्रीय नाव ब्रॅसिका ओलेरॅसिया असून या जातीच्या गाँगिलोडेस गटात तिचा समावेश होतो. मोहरी, मुळा, सलगम आणि फुलकोबी यांचे जे कुल, तेच नवलकोलाचेही आहे. फुगलेल्या खोडाला गड्डा म्हणतात. गड्ड्याचा रंग फिकट हिरवा किंवा जांभळा असतो, मात्र आतला गर दोन्ही प्रकारांत पांढरट, रसाळ व किंचित गोडसर असतो. कोवळी पानेही खाल्ली जातात.

आहाराच्या दृष्टीने नवलकोल कमी ऊर्जेची, तंतुमय पदार्थ व पोटॅशियम पुरवणारी आणि क जीवनसत्त्वाने समृद्ध अशी भाजी आहे. मधुमेह, कर्करोग, थायरॉइडचे विकार अशा अनेक रोगांच्या संदर्भात तिचे गुण आणि दोष सांगितले जातात. त्यांपैकी काही पोषणशास्त्रातील मोजमापांवर आधारलेले आहेत, तर काही प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून काढलेले व्यापक निष्कर्ष आहेत. भाजी किती जून आहे, ती कशी साठवली आणि किती शिजवली, यांवर तिचे प्रत्यक्ष पोषणमूल्य बरेच अवलंबून असते.

## नाव

मराठीत नवलकोल आणि अलकोल ही दोन्ही नावे प्रचलित आहेत. हिंदीत या भाजीला गांठगोभी, बंगालीत ओलकपि, तमिळमध्ये नूक्कल आणि काश्मिरीत मोंज म्हणतात. कन्नडमधील नाव नविलुकोसु असे आहे. भारतातील इंग्रजीत रूढ झालेल्या ‘नोल-खोल’ या नावापासून मराठी नाव आले. ‘नोल-खोल’चे मूळ डच भाषेत असून त्याचा अर्थ गड्ड्याचा कोबी असा होतो. त्यामुळे मराठीतील ‘नवल’ किंवा कन्नडमधील ‘नविलु’ (मोर) या शब्दांशी दिसणारे साम्य केवळ उच्चाराचे आहे. युरोपात प्रचलित असलेले ‘कोलराबी’ हे जर्मन नाव इटालियन नावावरून घडले असून त्यात कोबी व सलगम या दोन्ही अर्थांचे शब्द एकत्र आले आहेत.

## वनस्पतीचे स्वरूप

नवलकोल दिसायला कंदासारखा असला तरी तो कंद किंवा मूळ नाही. रोपाच्या खोडाचा खालचा भाग जाड होऊन जमिनीच्या वर चेंडूसारखा गोल होतो आणि त्यावर लांब देठांची पाने विखुरलेली असतात. पाने गळून गेल्यावर किंवा काढल्यावर गड्ड्यावर त्यांच्या आडव्या खुणा राहतात. सलगम दिसायला काहीसे असेच असले तरी ते वेगळ्या जातीच्या वनस्पतीचे मूळ आहे.

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, ब्रुसेल्स स्प्राउट, केल आणि नवलकोल या सर्व भाज्या ब्रॅसिका ओलेरॅसिया या एकाच जातीच्या आहेत. माणसाने शतकानुशतके केलेल्या निवडीमुळे या जातीच्या वेगवेगळ्या अवयवांची वाढ झाली. कोबीत टोकाची कळी, ब्रुसेल्स स्प्राउटमध्ये पानांच्या बगलेतील कळ्या, फुलकोबीत फुलोरा आणि नवलकोलात खोड मोठे झाले. एकाच जातीच्या असल्यामुळे या भाज्यांची रासायनिक घडण बरीच मिळतीजुळती आहे. एकीवर झालेल्या संशोधनाचा आधार दुसरीसाठी वारंवार घेतला जातो, त्यामागचे कारण हेच होय.

## उगम व प्रसार

ब्रॅसिका ओलेरॅसियाचे रानटी रूप युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर आढळते. नवलकोलाचे स्पष्ट वर्णन इटालियन वैद्य व वनस्पतिज्ञ पिएत्रो अँड्रिया मत्तिओली यांनी १५५४ मध्ये केले. ही भाजी इटलीतून नुकतीच जर्मनीत आल्याची नोंद त्यांनी केली आहे. त्यानंतर ती मध्य युरोपात रुजली आणि आजही जर्मन आहारात तिला महत्त्वाचे स्थान आहे. भारतात काश्मीर, पश्चिम बंगाल, महाराष्ट्र आणि दक्षिणेकडील राज्यांत तिची लागवड होते. व्हिएतनाममध्येही ती थंडीच्या हंगामातील नेहमीची भाजी आहे.

## पोषणमूल्य

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या, सोललेल्या नवलकोलातील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत. वाण, जमीन, हंगाम व पक्वता यांनुसार या आकड्यांत फरक पडतो.

| घटक | प्रमाण |
|---|---|
| ऊर्जा | २७ किलोकॅलरी |
| पाणी | ९१ ग्रॅम |
| कर्बोदके | ६.२ ग्रॅम |
| त्यांपैकी तंतुमय पदार्थ | ३.६ ग्रॅम |
| त्यांपैकी शर्करा | २.६ ग्रॅम |
| प्रथिने | १.७ ग्रॅम |
| स्निग्ध पदार्थ | ०.१ ग्रॅम |
| क जीवनसत्त्व | ६२ मिलिग्रॅम |
| ब६ जीवनसत्त्व | ०.१५ मिलिग्रॅम |
| फोलेट | १६ मायक्रोग्रॅम |
| पोटॅशियम | ३५० मिलिग्रॅम |
| फॉस्फरस | ४६ मिलिग्रॅम |
| कॅल्शियम | २४ मिलिग्रॅम |
| सोडियम | २० मिलिग्रॅम |
| मॅग्नेशियम | १९ मिलिग्रॅम |
| लोह | ०.४ मिलिग्रॅम |

या कोष्टकावरून नवलकोलाची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही दिसून येतात. क जीवनसत्त्व, तंतुमय पदार्थ आणि पोटॅशियम यांचे प्रमाण लक्षणीय आहे. लोह, कॅल्शियम आणि प्रथिने मात्र कमी आहेत. गड्ड्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. त्यामुळे नवलकोल डाळी, धान्ये किंवा हिरव्या पालेभाज्या यांची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्या जोडीने खाण्याची ती भाजी आहे.

### क जीवनसत्त्व

क जीवनसत्त्व हे नवलकोलाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य होय. याच कोष्टकांनुसार १०० ग्रॅम कच्च्या सलगमात सुमारे २१, कोबीत ३७, फुलकोबीत ४८ आणि संत्र्यात ५३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. नवलकोलातील ६२ मिलिग्रॅम हे प्रमाण या सर्वांपेक्षा अधिक आहे. ब्रोकोली (सुमारे ८९ मिलिग्रॅम) आणि पेरू (सुमारे २२८ मिलिग्रॅम) मात्र त्याच्या पुढे आहेत.

मानवी शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या घडणीसाठी ते आवश्यक असते. दीर्घकाळ अभाव राहिल्यास हिरड्यांतून रक्त येणे, जखमा न भरणे आणि पुढे स्कर्व्ही हा रोग होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषास दररोज ८० मिलिग्रॅम व प्रौढ स्त्रीस ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळायला हवे. १०० ग्रॅम कच्च्या नवलकोलातून स्त्रीची जवळजवळ पूर्ण आणि पुरुषाची सुमारे तीनचतुर्थांश गरज भागू शकते.

### ऊर्जा व तंतुमय पदार्थ

नवलकोलात नऊ-दशांशाहून अधिक भाग पाणी असते. बटाट्यातून १०० ग्रॅममागे सुमारे ७७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर नवलकोलातून २७. एकूण कर्बोदकांपैकी निम्म्याहून अधिक भाग तंतुमय पदार्थांचा असल्याने रक्तात साखर वाढवणारी कर्बोदके थोडीच उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थांची शिफारस केली आहे. तंतुमय पदार्थांमुळे मलाचे प्रमाण व मऊपणा वाढतो, पोट भरल्याची भावना टिकते आणि मोठ्या आतड्यातील उपयुक्त जीवाणूंना खाद्य मिळते.

### पाने

बाजारात नवलकोल बहुतेकदा पानांसह येतो आणि घरी आणल्यावर पाने टाकून दिली जातात. पौष्टिकतेच्या दृष्टीने हा तोटा आहे. गर्द हिरव्या पानांत गड्ड्यात नसलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये असतात. त्यांपैकी बीटा-कॅरोटिनचे शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते. के जीवनसत्त्वही पानांतच अधिक असते. गड्डा आणि पाने एकत्र शिजवल्यास दोन वेगळ्या भाज्यांचे गुण एकाच भाजीतून मिळतात. जून पानांचे देठ चिवट असल्याने ते काढून टाकावे लागतात.

## गंधकयुक्त संयुगे

मोहरी कुलातील भाज्यांना येणारा उग्र वास व तिखटपणा ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त संयुगांशी निगडित आहे. वनस्पतीच्या पेशींत ही संयुगे आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. भाजी चिरली, किसली किंवा चावली की पेशी फुटून दोन्ही एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट ही नवी संयुगे तयार होतात. वनस्पतीसाठी ही किडींपासून बचावाची व्यवस्था आहे. मोहरी पाण्यात फेसताना उठणारा झणका याच क्रियेतून निर्माण होतो. अखंड मोहरीला तसा वास नसतो, कारण तिच्यातील पेशी फुटलेल्या नसतात.

उष्णतेने मायरोसिनेज निष्क्रिय होते. म्हणून पूर्ण शिजवलेल्या भाजीत आयसोथायोसायनेट कमी तयार होतात, तरी आतड्यातील जीवाणू काही ग्लुकोसिनोलेटांचे रूपांतर घडवून आणतात. भाजी चिरून थोडा वेळ ठेवल्यास शिजवण्यापूर्वीच ही क्रिया काही प्रमाणात पूर्ण होते. शिजलेल्या ब्रोकोलीत कच्च्या मोहरीची पूड मिसळल्यास मोहरीतील विकरामुळे ही संयुगे अधिक प्रमाणात तयार होतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

जांभळ्या वाणांच्या सालीत अँथोसायनिन ही रंगद्रव्येही असतात. ती मुख्यतः सालीत असल्याने गड्डा जाड सोलल्यास बहुतांश निघून जातात. आतील गराच्या पोषणमूल्यात हिरव्या व जांभळ्या वाणांत मोठा फरक नसतो.

## आरोग्याशी संबंध

### लोहाचे शोषण

नवलकोलात लोह कमी असले तरी इतर अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याची मदत होऊ शकते. धान्ये, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह मांसाहारातील लोहाच्या तुलनेत कमी प्रमाणात शोषले जाते. बाजरी, हरभरा अशा अन्नातील फायटेटे आणि चहातील टॅनिने हे शोषण आणखी घटवतात. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असल्यास लोह विरघळणाऱ्या स्वरूपात राहते आणि शोषण वाढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या घरांत लोहाचा मुख्य स्रोत भाकरी, डाळ व उसळ हाच आहे, तेथे जेवणासोबत कच्ची कोशिंबीर असणे या कारणासाठी महत्त्वाचे ठरते. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि नवलकोलाची लिंबू पिळलेली कोशिंबीर हे याचे साधे उदाहरण होय. क जीवनसत्त्वाचा हा परिणाम एकाच जेवणापुरता असतो. सकाळी खाल्लेली कोशिंबीर रात्रीच्या भाकरीतील लोहाला उपयोगी पडत नाही. जेवणाला लागूनच चहा घेतल्यास हा लाभ कमी होतो. झालेला रक्तक्षय मात्र केवळ भाजीने बरा होत नाही. त्यासाठी तपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या आवश्यक असतात.

### मधुमेह व वजन

कमी ऊर्जा व कमी शर्करा यांमुळे नवलकोल मधुमेही व्यक्तींच्या आहारात सहज बसतो. रस्साभाजीत बटाट्याऐवजी नवलकोल वापरल्यास जेवणातील पिष्टमय पदार्थ घटतात. हा लाभ या अदलाबदलीचा आहे. नवलकोलात रक्तातील साखर उतरवणारे औषध आहे असा त्याचा अर्थ होत नाही. भरपूर तेल, खोबरे किंवा दाण्याचे कूट घातल्यास भाजीची एकूण ऊर्जा अनेक पटींनी वाढते, हेही हिशेबात घ्यावे लागते.

### रक्तदाब

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दररोज किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते. पोटॅशियमचे पुरेसे सेवन रक्तदाब नियंत्रणात ठेवण्यास साहाय्य करते. नवलकोलात पोटॅशियम सोडियमच्या सतरा पटींहून अधिक असते. लोणचे घातल्यावर मात्र मिठामुळे हे गुणोत्तर उलटू शकते.

### कर्करोगविषयक संशोधन

१९९२ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन हे आयसोथायोसायनेट वेगळे केले. शरीरातील काही घातक रसायने निष्प्रभ करणाऱ्या विकरांना ते चालना देते, असे त्यांनी दाखवले. त्यानंतर पेशी व प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत या गटातील संयुगांचे कर्करोगविरोधी परिणाम नोंदवले गेले.

माणसांवरील निरीक्षणे इतकी एकसारखी नाहीत. काही अभ्यासांत कोबीवर्गीय भाज्या अधिक खाणाऱ्यांत विशिष्ट कर्करोगांचे प्रमाण कमी आढळले, तर काहींत असा संबंध दिसला नाही. अशा भाज्या नियमित खाणाऱ्या व्यक्ती धूम्रपान, व्यायाम आणि एकूण आहार यांबाबतही वेगळ्या असू शकतात. आयसोथायोसायनेट शरीराबाहेर टाकणाऱ्या विकरांत व्यक्तीगणिक जनुकीय फरकही असतो. शिवाय बहुतांश संशोधन ब्रोकोलीवर झाले असून ग्लुकोसिनोलेटांचे प्रकार व प्रमाण भाजीनुसार बदलते. त्यामुळे नवलकोल कर्करोग बरा करतो किंवा हमखास टाळतो, या विधानाला आधार नाही. विविध भाज्यांनी युक्त आहाराचा एक घटक म्हणून तो उपयुक्त आहे. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असे सूचित करणाऱ्या विक्रेत्यांच्या जाहिरातींवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी निर्बंध घातले आहेत.

## गलगंड व थायरॉइड

थायरॉइडचा विकार असलेल्यांनी नवलकोल पूर्णपणे टाळावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याचे मूळ १९२८ मधील एका निरीक्षणात आहे. जॉन्स हॉपकिन्स येथे ॲलन चेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रामुख्याने कोबीवर पोसलेल्या सशांमध्ये गलगंड आढळला. पुढे १९४९ मध्ये एडविन ॲस्टवूड आणि सहकाऱ्यांनी सलगमवर्गीय भाजी व ब्रॅसिका बियांतून गॉइट्रिन हे थायरॉइडच्या कार्यात अडथळा आणणारे संयुग वेगळे केले. काही ग्लुकोसिनोलेटांच्या विघटनातून गॉइट्रिन, तर काहींतून थायोसायनेट तयार होते. थायोसायनेट थायरॉइड ग्रंथीत आयोडीन शिरण्यास अडथळा करते.

माणसांच्या बाबतीत आयोडीनची उपलब्धता निर्णायक ठरते. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा पूर्वी गलगंडासाठी कुप्रसिद्ध होता, कारण तेथील मातीत व पाण्यात आयोडीन फार कमी आहे. १९५६ मध्ये प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हिमाचलातील कांगडा खोऱ्यात एक प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला. खोऱ्याच्या काही भागांत आयोडीनयुक्त आणि एका भागात साधे मीठ पुरवण्यात आले. काही वर्षांनी आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. भारत सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले.

आहारात आयोडीनयुक्त मीठ असताना नेहमीच्या प्रमाणात, विशेषतः शिजवून, खाल्लेला नवलकोल निरोगी व्यक्तीच्या थायरॉइडला अपाय करत नाही. शिजवल्याने मायरोसिनेज निष्क्रिय होऊन गॉइट्रिन कमी तयार होते. आयोडीनविरहित मीठ वापरणे आणि त्याच वेळी कोबीवर्गीय भाज्यांचा कच्चा रस रोज मोठ्या प्रमाणात पिणे, हे मात्र टाळावे. थायरॉइडवर उपचार घेणाऱ्यांनी आहारातील बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने करावेत आणि भाजी टाळणे हा औषधाला पर्याय समजू नये.

## इतर दक्षता

* रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांनी के जीवनसत्त्वाचे सेवन एकसारखे ठेवणे आवश्यक असते. गड्ड्यात हे जीवनसत्त्व नगण्य असते, मात्र पानांची भाजी अचानक अधिक खाल्ल्यास औषधाच्या परिणामात फरक पडू शकतो.
* मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात पोटॅशियमवर मर्यादा घातलेली असल्यास प्रमाण ठरवून घ्यावे. लहान तुकडे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास पोटॅशियम काही अंशी कमी होते.
* कोबीवर्गीय भाज्यांतील रॅफिनोज ही शर्करा लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू ती आंबवतात व वायू तयार होतो. पोटफुगीचा त्रास असणाऱ्यांनी थोड्या प्रमाणापासून सुरुवात करावी.

## निवड, साठवण व शिजवणे

सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर व्यासाचा, हाताला जड लागणारा, तडे न गेलेला आणि टवटवीत पानांचा गड्डा खाण्यास उत्तम असतो. काढणी लांबल्यास आतील जलवाहिन्यांचे ऊतक लाकडासारखे कठीण होते आणि गर दोरेदार लागतो. असा भाग शिजवूनही मऊ होत नाही. सुपरश्मेल्झसारखे काही वाण मात्र आकाराने खूप मोठे होऊनही कोवळे राहतात.

पाने गड्ड्यातील ओलावा ओढून घेतात. म्हणून घरी आणताच ती वेगळी करून एक-दोन दिवसांत वापरावीत. पाने काढलेला गड्डा शीतकपाटात भाज्यांच्या कप्प्यात काही आठवडे टिकतो. बुडाकडील साल अधिक जाड व दोरेदार असल्याने तिकडून सोलण्यास सुरुवात करणे सोयीचे असते.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे नष्ट होते. वर उल्लेखिलेल्या कोष्टकांत उकळून पाणी काढलेल्या नवलकोलात १०० ग्रॅममागे ५४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व नोंदवले आहे. म्हणजे बेताने शिजवल्यास बराच भाग टिकतो. फार वेळ शिजवणे, झाकण न ठेवता आटवणे आणि पुन्हा पुन्हा गरम करणे यांमुळे नुकसान वाढते. पुढील गोष्टींनी ते कमी ठेवता येते.

* आधी धुऊन मग चिरावे. चिरलेले तुकडे पाण्यात घालून ठेवू नयेत.
* कोशिंबिरीसाठी कीस आयत्या वेळी करावा आणि लगेच लिंबू पिळावे.
* भाजी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून वाफवावी.
* उकळल्यास उरलेले पाणी आमटीत किंवा कणीक मळताना वापरावे.

## लागवड

नवलकोल हे थंड हवामानाचे, लवकर तयार होणारे पीक आहे. महाराष्ट्रात त्याची लागवड मुख्यतः रब्बी हंगामात होते. रोपवाटिकेत तयार केलेली चार ते पाच आठवड्यांची रोपे सरी-वरंब्यावर किंवा सपाट वाफ्यात लावतात. वाणानुसार पुनर्लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांत गड्डे काढणीस येतात. व्हाइट व्हिएन्ना आणि पर्पल व्हिएन्ना हे भारतात परिचित असलेले वाण आहेत. पाण्याचा ताण पडून वाढ खुंटल्यास गड्डे चिवट होतात, तर ताणानंतर एकदम भरपूर पाणी मिळाल्यास ते तडकतात. चौकोनी ठिपक्यांचा पतंग व मावा या प्रमुख किडी आहेत. वनस्पती द्विवर्षायू असून फुलोऱ्यासाठी तिला थंडीची गरज असते, त्यामुळे युरोपीय वाणांचे बीजोत्पादन थंड डोंगराळ प्रदेशात केले जाते.

## आहारातील उपयोग

महाराष्ट्रात नवलकोलाच्या फोडी भिजवलेली हरभरा डाळ व ओले खोबरे घालून परततात, किंवा गोडा मसाला घालून रस्सा करतात. किसलेल्या कच्च्या नवलकोलाची दही किंवा दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीरही केली जाते. गोव्यात त्याला नोलखोल म्हणतात आणि नारळाच्या वाटणात कोळंबीसह शिजवतात. दक्षिण भारतात तो सांबार व कूटू यांत घालतात.

काश्मीरमध्ये मोंज ही रोजच्या जेवणातील भाजी असून गड्डा आणि पाने मोहरीच्या तेलात एकत्र शिजवली जातात. हिवाळ्यासाठी तिचे लोणचेही घालतात. जर्मनीत गड्ड्याचे कच्चे काप मीठ लावून खातात किंवा शिजवलेल्या फोडी पांढऱ्या सॉसमध्ये वाढतात. व्हिएतनाममध्ये त्याच्या बारीक सळ्या परततात, तसेच आंबट-गोड लोणच्यात वापरतात. कच्चा नवलकोल खाण्याच्या पद्धतीत क जीवनसत्त्व अधिक टिकते, तर काश्मिरी पद्धतीत पानांतील कॅरोटिनॉइडेही मिळतात. ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने शिजवताना घातलेले तेल त्यांच्या शोषणास उपयुक्त ठरते.